तीन दिसतात, सर

वांग्याच्या फुलाकडे कोणी मुद्दाम बघत नाही. मोगऱ्याचं, चाफ्याचं कौतुक करायला माणसं थांबतात, पण हे जांभळं, मान खाली घालून बसलेलं फूल म्हणजे पुढे भाजी मिळणार याची खूण, एवढाच त्याचा मान. माझं मात्र सगळं आयुष्य त्या फुलावर गेलं. त्याच्यावर पदवी मिळाली, त्याच्यावर नोकरी लागली, त्याच्याच जिवावर आज पेन्शन खातेय. आणि त्याच्याच पायी मी एका मुलीचं वाटोळं केलं. हे शेवटचं वाक्य लिहायला मला पासष्टी उलटावी लागली. कॉलेजातून निवृत्त झाले त्या दिवशी एका जुन्या विद्यार्थ्याने भाषण केलं, की मॅडमनी आम्हाला नीट बघायला शिकवलं. मी तेव्हा केक कापत होते. सुरी हातातून पडली नाही, याचंच मला अजून आश्चर्य वाटतं.

आमची वाडी वसईत, चर्चच्या मागच्या गल्लीत. पुढे केळी, त्यामागे पानवेली, आणि विहिरीच्या अंगाला वांगी-मिरचीचे वाफे. विहिरीवर रहाट होता. पहाटे बा रेड्याला जुंपायचा आणि रहाट कुरकुरायला लागायचा. तो आवाज थांबला की आम्हाला झोपेतून जाग यायची, कारण थांबला म्हणजे काहीतरी बिघडलं. त्यावर चर्चची घंटा व्हायची. मग आई देवदूताची प्रार्थना पुटपुटत चुलीपुढून उठायची आणि चहात बुडवायला कालचा पाव तव्यावर गरम करायची. थंडी सरली की अंगणात सुकेळीचं काम निघायचं. पिकलेली राजेळी केळी सोलून चटईवर उन्हात घालायची, रोज परतायची, संध्याकाळी झाकायची, आणि आठवड्याभराने तपकिरी, चिकट झाली की केळीच्या वाळक्या सोपात गुंडाळून बांधायची. अंगणभर तो गोडसर वास आणि माश्या. कॉलेजात कोणी मोठा पाहुणा यायचा असला की आमच्या घरची सुकेळी जायची, हे मी आताच सांगून ठेवते. घरात आम्ही आमची बोली बोलायचो. ती कागदावर उतरवायला गेलं की तिचं सोंग होतं, म्हणून बा आणि आई इथे चारचौघांसारखंच बोलतील. आईला ते आवडलं नसतं.

बाचं म्हणणं एवढंच होतं, की मुलीने शिकावं पण पुढचं ठरवून शिकावं. बी.एस्सी.ला पहिला वर्ग आला तर आमच्याच कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत एक जागा मिळणार होती, प्रात्यक्षिकं करून घ्यायची. विभागाच्या मोठ्या सरांनी तसं वर्गातच सांगितलं होतं: एकच जागा, जो पहिला येईल त्याची. ती मिळाली नाही तर भुईगावच्या एका घरातून मला मागणी आलेली होती. मुलगा बँकेत होता, चांगला होता, त्याच्याबद्दल माझी काहीच तक्रार नव्हती. मला फक्त ते घर नको होतं, कारण त्या घरच्या बाईने मला बघायला आल्यावर पहिला प्रश्न विचारला होता, की वांगी खुडताना हातमोजे घालतेस का. बा म्हणाला, "पास झालीस आणि जागा मिळाली तर तुझं तू. नाही मिळाली तर माझं ऐकायचं, फिलू." मी हो म्हटलं होतं. मला वाटत होतं, पहिली मीच येणार.

तशी मी आलेच असते, चंद्रभागा नसती तर. चंद्रा जूचंद्रची. वडील मिठागरावर, थोडी भातशेती, घरात पाच भावंडं, आणि कॉलेजात आलेली त्या घरातली ती पहिलीच. आमच्या वर्गात मुली सातच, त्यात ती सगळ्यांत काळी आणि सगळ्यांत कमी बोलणारी. पहिल्या दिवशी तिने पाण्याला पानी म्हटलं आणि मागच्या बाकावरची मुलं हसली. तिने मागे वळून बघितलं आणि शांतपणे विचारलं, "तुमच्याकडं निराला असतो काय पानी?" त्यानंतर ती माझ्या शेजारी बसायला लागली. डब्यात तांदळाची भाकर आणि सुकट आणायची, मी पाव आणि इंद्याल, आमच्याकडचं शिरका घातलेलं तिखट मटण, न्यायचे, आणि मधल्या सुट्टीत आम्ही डबे बदलायचो. आईला हे कळलं तेव्हा तिने इंद्याल जास्त द्यायला सुरुवात केली.

जूचंद्रच्या माणसांचा रांगोळीचा हात ठाऊकच आहे. चंद्राचा काका देवीच्या जत्रेत जमिनीवर माणसांचे चेहरे काढायचा, असे की पाय पडेल म्हणून लोक लांबून जायचे. चंद्रा लहानपणापासून त्याच्याजवळ बसून रंग चाळायची. तो तिला सांगायचा, की नाक काढताना नाक म्हणून काढायचं नाही, तिथे सावली किती आहे तेवढीच टाकायची. ही सवय ती प्रयोगशाळेत घेऊन आली. वनस्पतिशास्त्रात आकृतीला छटा द्यायच्या नसतात, पेन्सिलच्या टोकाने ठिपके द्यायचे असतात. आम्ही ठिपके देत होतो ते सुशोभन म्हणून. ती जिथे दाट दिसेल तिथे दाट आणि विरळ दिसेल तिथे विरळ द्यायची, आणि मग डोळा परत सूक्ष्मदर्शकाला लावून बघायची. एका आकृतीला तिला दोन तास लागायचे. मी चार आकृत्या काढून रिकामी झालेली असायचे आणि मला ते हुशारीचं लक्षण वाटायचं.

शेवटच्या वर्षाला आम्हाला पराग कसा तयार होतो ते होतं. आता इतकी वर्षं शिकवल्यावरही मला ते सांगावंसं वाटतं, आणि सांगताना तोंड कडू होतं. वांग्याची अगदी बारीक, तांदळाच्या दाण्याएवढी कळी घ्यायची, आतला पिवळा परागकोश काढून काचपट्टीवर लाल रंगाच्या थेंबात चेपायचा. त्या रंगाला शिर्क्याचा वास येतो, बोटांना दोन दिवस राहतो. वर काच ठेवून टिपकागदावरून अंगठ्याने दाबायचं आणि बघायचं. सगळ्यांत लहान कळीत नुसत्या मातृपेशी, एकमेकींना चिकटून. जरा मोठ्या कळीत प्रत्येकीच्या चार झालेल्या, पण चौघी एकाच पांघरुणात. त्याहून मोठीत पांघरूण विरलेलं आणि चौघी सुट्या. भोवती पेशींचा एक थर असतो, तो त्यांना खाऊ घालतो आणि खाऊ घालता घालता स्वतः विरघळून जातो. मग सुट्या झालेल्या प्रत्येक कणाच्या आत विभागणी होते, तीही सारखी नाही. एक पेशी मोठी आणि एक अगदी लहान. ती लहान पेशी मोठीच्या पोटात जाते आणि तिथे तरंगत राहते, चरख्याच्या चातीसारखी दोन्हीकडे निमुळती होऊन. पेशीच्या आत पेशी. चंद्राने पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा ती मला म्हणाली, "ही गरवार हाय गो." पुढे या लहान पेशीच्या दोन शुक्रपेशी होतात, आणि त्यांच्यासाठीच हा सगळा खटाटोप असतो. प्रश्न असतो तो एवढाच, की कधी होतात. भातात, सूर्यफुलात त्या फूल उमलण्याआधीच तयार असतात. वांग्यात, मिरचीत तसं नसतं. तिथे परागकण दोनच पेशी घेऊन बाहेर पडतो, आणि पुढे फुलाच्या आत त्याची नळी वाढायला लागली की त्या नळीत लहान पेशीच्या दोन होतात.

हे आज कुठल्याही पुस्तकात मिळेल. तेव्हा आमच्या कॉलेजात पुस्तकापेक्षा जर्नलला मान होता. विभागाच्या कपाटात एक जाड जर्नल होतं, मोठ्या सरांचं स्वतःचं, ते विद्यार्थी असतानाचं. दर वर्षी ते बाहेर यायचं, आणि आम्ही काचेखाली दिवा लावून त्यातल्या आकृत्या आपापल्या जर्नलात उतरवून घ्यायचो. आमच्या आधीच्या मुलांनी तेच केलं होतं, त्यांच्या आधीच्यांनीही. सूक्ष्मदर्शक समोर असायचा, त्यात डोकावायचंही, पण ते पाहुण्यांकडे जाऊन आल्यासारखं. त्या जर्नलात वांग्याच्या पक्व परागकणाची आकृती होती आणि तिच्यात तीन पेशी होत्या. एक मोठी आणि दोन शुक्रपेशी, छान कोरलेल्या. सगळ्यांनी तीन उतरवल्या. मीही.

चंद्राने त्या पानावर नाक टेकवलं. मग म्हणाली, "ह्यो वांग्याचा नाय."

"म्हणजे?"

"वांग्याला तीन खाचा हान. ह्याला एकच भोक हाय, आनि किती गोल हाय बघ. ह्यो गवतातला कुनीतरी हाय. भात नायतर जवारी. सरांनी नाव चुकवलं."

मी म्हटलं, हळू बोल. मला खरंखोटं माहीत नव्हतं, पण मोठे सर दारातून आत येत होते.

त्यानंतरचा रविवार माझ्या आयुष्यातल्या फार थोड्या निर्मळ दिवसांपैकी आहे. परीक्षेची तयारी म्हणून सरांनी मला विभागातला जुना पितळी सूक्ष्मदर्शक घरी न्यायला दिला होता, कारण सगळ्या वर्गाला फुलं आमच्याच वाडीतून जायची. चंद्रा सकाळी सहाला घरी हजर. नुकती उमललेली फुलं तिने खुडली, नखावर उपडी धरून टिचकी मारली, तशी टोकाच्या भोकांतून फिकट भुकटी नखावर पडली. साखरेचं पाणी करायला स्वयंपाकघरातली साखर घेतली. त्यात चिमूटभर बोरिक लागतं, ते कुठून आणायचं हा प्रश्न होता, तर बाने कॅरमवर टाकायची पावडर काढून दिली. ती बोरिकच असते. आम्ही दहा-बारा काचपट्ट्यांवर थेंब घातले, त्यात पराग सोडला, आणि सगळ्या परातीत ओल्या फडक्यावर मांडून वर दुसरी परात झाकली. ठरवलं की दर तासाला एक पट्टी काढायची, रंग घालायचा आणि बघायची. आई चर्चला जाऊन आली, तिने परात बघितली आणि विचारलं, "ह्यात काय मुरतंय?" चंद्रा म्हणाली, "नवरा मुरतंय, मावशी." आई लटकी रागावली आणि तिला मासळीचा मोठा तुकडा वाढला.

आठच्या पट्टीत कणांना नळ्या फुटलेल्या. नऊच्या पट्टीत नळ्या लांब. दहाला लहान पेशी कणातून निघून नळीत शिरलेली, पण एकच. बाराला एकच. दोनला एकच. बा जेवून झोपाळ्यावर पडला होता, तो म्हणाला, "फूल पडलं की वांगं लागतं. मधलं बघून काय करणार?" तीनच्या पट्टीतही एकच होती आणि माझा धीर सुटत चालला होता. चारच्या पट्टीला चंद्राचा डोळा होता. तिने स्क्रू पुढेमागे फिरवला, परत बघितलं. मग तिने मला खांद्याला धरून ओढलं आणि सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं. नळीच्या टोकाशी एका चातीच्या जागी दोन होत्या, शेजारी शेजारी, गडद लाल. आम्ही दुसरी नळी बघितली, तिसरी बघितली. बऱ्याच नळ्यांत दोन. मग मी बाला उठवलं. त्याने एक डोळा मिटून बघितलं, दुसरा मिटून बघितलं, आणि म्हणाला, "दोन मुंग्या दिसतात." चंद्रा हसता हसता जमिनीवर बसली. तिने त्या दिवशी जी आकृती काढली, कणात एक, नळीत एक, नळीत दोन, तशी आकृती मी नंतर कुठल्याच पुस्तकात पाहिली नाही. हे मी तिच्यावरच्या मायेने म्हणत नाही. मला आकृत्या कळतात.

दुसऱ्या दिवशी ती आकृती घेऊन चंद्रा मोठ्या सरांकडे गेली. मी बरोबर होते, अर्धं पाऊल मागे. सरांनी कागद बघितला, उलटा केला, परत सुलटा केला. सर वाईट नव्हते. आमच्यापैकी किती जणांची फी त्यांनी माफ करवून घेतली होती. ते म्हणाले, "चंद्रभागा, संशोधन पुढे आयुष्यभर करायचं आहे. परीक्षेला जर्नलमध्ये आहे ते काढायचं. बाहेरचे परीक्षक येतात, ते जर्नलशी ताडून बघतात." ती म्हणाली, "पन सर, ते चुकलंय." सरांचे कान लाल झाले. त्यांनी कागद तिच्या हातात परत दिला आणि आम्हाला जायला सांगितलं. बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, काढ ना तीनच, काय जातं तुझं. तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिला कोणाच्या तरी पानातलं उचलून खायला सांगितलं होतं. "मना दोन दिसतान, त मी तीन कशी कारू?" एवढंच म्हणाली.

इथे मी थांबून एक गोष्ट कबूल करते. पुढे जे झालं ते भीतीने झालं, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले. भीती होतीच. भुईगावच्या त्या बाईचीही होती आणि सरांचीही होती. पण मला तिचा हेवाही वाटत होता. मी वाडीतली, फुलं माझी, सूक्ष्मदर्शक माझ्या घरी, आणि दिसायचं मात्र तिला. त्या रविवारी चारची पट्टी माझ्या हातात आली असती तर मी तीही ‘एकच’ म्हणून बाजूला ठेवली असती, हे मला पक्कं ठाऊक होतं.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी मी टोपलीभर फुलं-कळ्या घेऊन गेले. त्याच टोपलीत बाहेरच्या परीक्षकांसाठी सुकेळीच्या चार वळकट्या होत्या. माझं आणि चंद्राचं टेबल शेजारी आलं, प्रश्नही एकच: पराग तयार होण्याचे टप्पे दाखवा. खोलीत शिर्क्याचा वास, स्पिरिटच्या दिव्यांची ऊब, पेन्सिलींची खरखर. मी पट्ट्या केल्या, चांगल्या झाल्या. पक्व कणाची पट्टी लावली, बघितलं. मोठी पेशी आणि तिच्या पोटात एक चाती. मी कागद घेतला आणि तीन काढल्या.  हजारदा उतरवलेली आकृती होती, आपोआप आली.

बाहेरचे परीक्षक म्हणजे एक उंच, शांत गृहस्थ. घाम पुसायला हातात सारखा रुमाल. ते चंद्राच्या टेबलाशी थांबले, मागे मोठे सर. त्यांनी तिची आकृती बघितली आणि म्हणाले, "आकृती सुरेख आहे. पण दोनच पेशी? तुमच्या विभागाच्या जर्नलात तर तीन आहेत."

"जर्नल चुकलंय, सर," चंद्रा म्हणाली. ठेवणीतलं मराठी आणून, एकेक शब्द सावकाश. "वांग्यात शुक्रपेशी नळीत होतात. आम्ही बघितलंय."

‘आम्ही’ म्हणाली ती.

 परीक्षक वाकून तिच्या सूक्ष्मदर्शकात बघायला लागले. बराच वेळ बघत राहिले, चष्मा वर केला, खाली केला. रंग एव्हाना सुकायला लागला होता. सरळ होऊन ते म्हणाले, "मला नक्की सांगता येत नाही." आणि मग त्यांनी जे केलं ते न्यायानेच केलं. त्या माणसावर माझा आजही राग नाही. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "तुमचंही तेच फूल आहे ना? तुम्हाला किती पेशी दिसतात?"

माझी पट्टी लावलेलीच होती. मी डोळा टेकवला. चाती होती, एक, स्वच्छ, लाल. चंद्रा माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. मी काय सांगणार याबद्दल तिला शंकाच नव्हती.

"तीन दिसतात, सर," मी म्हटलं.

ते माझ्या सूक्ष्मदर्शकाशी आलेही नाहीत. त्यांनी मान हलवली, हातातल्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या टेबलाकडे गेले. मोठे सर त्यांच्या मागून गेले, जाताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

पुढचं सगळं भराभर सांगण्यासारखं आहे. प्रात्यक्षिकात वेगळं पास व्हावं लागायचं, बरेचसे गुण त्या एकाच प्रश्नाला होते, आणि चंद्रा त्यातच गेली. बाकीच्या विषयांत तिला माझ्यापेक्षा जास्त गुण होते, पण तेवढ्याने वर्ष वाचत नव्हतं. तिच्या वडिलांनी परत बसवलं नाही. पाच भावंडांत एकीला तीन वर्षं शिकवलं हेच खूप झालं, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. पावसाळ्याआधी तिचं लग्न झालं, उरणकडे. मला बोलावणं होतं, मी ताप आल्याचा निरोप पाठवला. माझा पहिला वर्ग आला, जागा मिळाली, भुईगावचं घर टळलं. मी चर्चमध्ये कुमसाराला गेले, गुडघे टेकून फादरांना सांगितलं की मी एक खोटं बोलले. कोणतं ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. त्यांनी मला तीन ‘नमो मारिया’ म्हणायला सांगितलं. मी म्हटल्या आणि घरी येऊन जेवले.

मग मी शिकवायला लागले. मोठे सर निवृत्त होईपर्यंत दर वर्षी वांग्याच्या फुलाला तीन पेशी काढून दाखवल्या. ते गेल्यावर एका सकाळी मी फळ्यावर दोन काढल्या आणि जर्नलातलं ते पान बदललं. कोणी विचारलं नाही. कोणाच्या लक्षातही आलं नाही. चंद्राचं आयुष्य ज्याच्यावरून गेलं ते दुरुस्त करायला एक खडू पुरला. विद्यार्थ्यांना मी कडक वाटायचे. जे दिसतं तेच काढा, असं मी ओरडायचे, आणि उतरवलेली आकृती सापडली तर मुलांच्या देखत फाडायचे. हे फाडताना मला कोणाचा राग यायचा ते मुलांना कसं कळणार.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशीचं एक राहिलंय, आणि खरं म्हणजे तेवढ्यासाठीच मी इतकी पानं लिहिली. परीक्षा संपल्यावर चंद्रा व्हरांड्यात उभी होती. मी तिला चुकवायला मागच्या दाराने निघाले होते, तर तिने मला हाक मारली. मला वाटलं आता शिव्या देईल. मी त्या घ्यायला तयार होते. तिने दिल्या असत्या तर आज मी सुखाने म्हातारी झाले असते. ती जवळ आली आणि म्हणाली, "फिलू, मना दाखव ना."

"काय?"

"तुला तीन दिसल्या ना. माझी पट्टी वालली हुती, तुझी बरी हुती. कदाचित त्या फुलात आधीच झाल्या असतील. मना एकदा बघू दे."

तिला वाटलं होतं की मला खरंच दिसल्या. मी खोटं बोलेन हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. मी म्हटलं, थांब हं, आत आहे का बघते. आत कोणी नव्हतं. माझी पट्टी तशीच लावलेली होती. मी एकदा डोळा टेकवला. मोठी पेशी आणि तिच्या पोटात ती एकटी, इतकी स्पष्ट की लहान मुलालाही मोजता आली असती. त्या क्षणीसुद्धा वेळ गेली नव्हती. परीक्षक बाजूच्या खोलीत चहा घेत होते, सुकेळीची वळकटी सोडल्याचा आवाज मला येत होता. मी पट्टी काढली, मोरीपाशी गेले, नळ सोडला आणि अंगठ्याने घासून ती धुतली. परत परत धुतली.

बाहेर येऊन म्हटलं, "शिपायाने धुतल्या गं सगळ्या पट्ट्या."

"असूं दे," चंद्रा म्हणाली.  "तुला दिसल्या ना? मंग असतीलच. माझंच डोलं चुकलं." मग तिने माझ्या काखेतलं जर्नल ओढून घेतलं. "तुझं हात ओलं हान," म्हणाली, "आकृत्या खराब होतील. दे, मी धरतंय." आणि गेटपर्यंत ती ते छातीशी धरून चालली.